गरम बेअरिंग, गार शाफ्ट

तेर्योचं म्हणणं एकच होतं. हात गाडीमुळे थरथरतो. गिअरबॉक्समधली बेअरिंगं झिजलीत, म्हणून गिअरचा दांडा थरथरतो; आणि दिवसभर तो दांडा धरून बसणाऱ्याचा हात थरथरणार नाही तर काय करेल? बेअरिंगं बदला, दांडा गप्प बसेल. दांडा गप्प बसला की हातही बसेल.

हे तो इतक्या सरळ चेहऱ्याने सांगायचा की ऐकणारा मान डोलवायचाच. मीही डोलवली. नवऱ्याला काय झालंय यापेक्षा गाडीला काय झालंय हा प्रश्न केव्हाही परवडला. गाडी निदान उघडून बघता येते.

आणि आवाज काही खोटा नव्हता. आमची व्हॅन जुनी. इंजिन पुढच्या सीटखाली, गिअरबॉक्स त्याच्या मागे पोटाशी लटकलेला. शाळेच्या फाटकाशी न्यूट्रलला उभी असली की आतून कण्हल्यासारखा सूर निघायचा. क्लच दाबला की गप्प. पाय काढला की पुन्हा सुरू. वरच्या वाड्यांवरची मुलं रोज याच गाडीतून तायाबासच्या शाळेत जायची. त्यांनी त्या आवाजाला आजी करून टाकलं होतं. "कुया तेर्यो, आजी आज फार कुरकुरतेय," असं मागून कोणीतरी ओरडायचं, कुया म्हणजे दादा, आणि तेर्यो म्हणायचा, "तुमचं वजन सोसत नाही तिला. भात कमी खा."

हाताला मात्र कोणी नाव दिलं नव्हतं. मांडीवर मोकळा पडला की उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासायला लागायचा, भाजलेल्या शेंगदाण्याचं साल काढावं तसा. तेर्योचं लक्षही नसायचं. माझं लक्ष गेलं की तो हात सीटखाली सरकवायचा.

आमच्याकडे याला पास्मा म्हणतात आणि विषय संपवतात. कामाने तापलेला हात गार पाण्यात घातला की गारठा शिरांत शिरतो, आणि मग तो हात थरथरतो, घामेजतो, बधिर होतो. म्हणून इस्त्री केल्यावर हात धुवायचे नाहीत, दिवसभर गाडी चालवल्यावर तर मुळीच नाहीत. हे मला आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. इस्त्री झाल्यावर मी भांडी दुसऱ्या दिवसावर टाकायची, आणि या नियमाबद्दल मी पूर्वजांची फार ऋणी आहे.

अंग चोळून देणारी आलिंग इद्रिंग आली, तिने तेर्योचा तळवा दाबून पाहिला आणि निकाल दिला. "पास्माच. किती जुना आहे बघ, हाडाला चिकटलाय."

उपाय तीन. कोमट मीठपाण्यात हात बुडवणे, खोबरेल तेलाने चोळणे, आणि तिसरा सकाळच्या पहिल्या लघवीचा. पहिले दोन मी करून दिले. तिसऱ्याचं मी विचारलं नाही. पण न्हाणीतलं टमरेल हरवलं, आणि सापडलं तेव्हा त्यात मी पुन्हा पाणी भरलं नाही.

हात काही थांबला नाही. म्हणून मग बेअरिंगं.

शाळेला सुट्टी लागली. ऊन असं की नारळाच्या झावळ्यासुद्धा खाली मान घालून उभ्या. तेर्योने व्हॅन मागच्या अंगणात सांतोलच्या झाडाखाली घेतली, चाकांखाली नारळाच्या खोडाचे ठोकळे दिले आणि पोन्सोला बोलावलं. पोन्सो आमच्या लेकीचा धर्मपिता, म्हणजे आमचा कोंपादरे, आणि मी त्याची कोमादरे. धंदा नारळाच्या झाडांवर चढून ताडीसारखा रस काढण्याचा. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तो बांबूवरून चालत जातो, जमिनीपासून दोन घरं उंच, आणि खाली उतरला की सपाट अंगणात ठेचकाळतो.

"कोमादरे," तो मला म्हणाला, "हा गाडीखाली गेला की परत येईल ना? नाहीतर आधी त्याचं झुंजीचं कोंबडं कुणाला ते लिहून घे."

"कोंबडं माझंच," मी म्हटलं. "झुंजीला तो त्याला नुसता नावाला नेतो."

"ऐकतोय मी," गाडीखालून तेर्यो.

"तू ऐकावंस म्हणूनच बोलतोय," पोन्सो म्हणाला.

बॅटरीची वायर काढली. मग खालचा बूच उघडून गिअर ऑइल तसराळ्यात सोडलं. काळं, आणि त्यात उन्हात चमकणारा चांदीचा चुरा. तो चुरा म्हणजे बेअरिंगंच, तेलात विरघळलेली. तेर्यो खूश झाला. "बघ! बघ काय झालंय! म्हणत नव्हतो मी?"

जन्मभर तो तेल हुंगून निदान करत आला. कुणाची गाडी असो, बोट बुडवायचं, नाकाशी न्यायचं आणि सांगायचं, जळलंय, पाणी शिरलंय, अजून चालेल. त्या दिवशीही त्याने बोट बुडवलं. नाकाशी नेलं. पुन्हा नेलं.

"याला वासच नाही," तो म्हणाला.

मी चुलीपाशी उभी होते आणि फडक्याने नाक दाबलं होतं. जुन्या गिअर ऑइलला सडक्या अंड्यांचा वास असतो. त्या दिवशी तर शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या अंगणात गेलं. पोन्सोने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीत फुंकर घातली.

"जुनं आहे, उडून गेला असेल वास," पोन्सो म्हणाला, आणि खोकला.

मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट उतरवला. पुन्हा तसाच बसावा म्हणून जोडावर मी रंगाची खूण केली. दांड्याच्या सळ्या, मीटरची केबल, स्टार्टर. खालचा आडवा पट्टा काढण्याआधी इंजिनाला ठोकळ्याचा टेकू. ही सगळी कामं मला पाठ होती. लग्न झाल्यापासून मी त्याने उघडलेल्या गाड्यांखाली दिवा धरून बसले, आणि दिवा धरणारीला सगळं दिसतं. पुस्तक म्हणाल तर त्या व्हॅनचं एक फाटकं पुस्तक घरात होतं, जपानी भाषेत. त्यातली चित्रं मी वाचायची.

वरचे बोल्ट सर्वांत वाईट. हात पोचत नाही, दिसतही नाही, बोटांनी चाचपून पाना लावावा लागतो. तेर्योचा पाना सटकायचा. एकदा सटकला, दुसऱ्यांदा त्याच्या कपाळावर पडला.

"आण इकडे," मी म्हटलं.

"उन्हाने हाताला घाम आलाय."

"माझ्या हाताला येत नाही. मी फार थंड बाई आहे, विचार कोंपादरेला."

"मला कशाला मध्ये ओढता?" पोन्सो म्हणाला.

मी सरपटत आत गेले. नवरा-बायकोने इतकं जवळ पडून बरीच वर्षं झाली होती. वर इंजिनाचं पोट, बाजूला तो, आणि आमच्या मध्ये त्याचा उजवा हात, छातीवर ठेवलेला, साल काढणारा. मी पाना लावला. बोल्ट कुईं करून सुटला. तेर्योने डाव्या हाताने उजवा धरून ठेवला, जत्रेत पोराचा धरावा तसा.

गिअरबॉक्स सरळ मागे ओढला, जॅकवर घेतला, जुन्या टायरवर उतरवला. स्वयंपाकघराबाहेरच्या टेबलावर आणून ठेवला तेव्हा पोन्सो म्हणाला की डुक्कर कापायच्या दिवशीसुद्धा एवढं जड काही या टेबलावर आलं नव्हतं. पोन्सोने लांबानोग काढली, नारळाच्या त्याच रसाची दारू. एकच पेला, फिरता. तेर्योची पाळी आली की पोन्सो पेला अर्धाच भरायचा. पूर्वी तो असं कधीच करत नव्हता. अर्धा पेला सांडत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच. झाकण उघडलं, दाते रॉकेलने धुतले. इंजिनाकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बोटाने फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं करकरलं. ते एका लोखंडी कड्याने अडकवलेलं असतं. कड्याची दोन टोकं पकडीने फाकवायची, कडं उचलायचं. कोणत्याही मेकॅनिकचं सकाळी उठल्याउठल्याचं काम.

तेर्योने पकड लावली. टोकं फाकली, हात थरथरला, कडं उडालं. कोंबड्यांत जाऊन पडलं. मी शोधून आणलं, कारण आता तेच कडं परत बसवायचं होतं. त्याने दुसऱ्या बेअरिंगच्या कड्याला पकड लावली. तेही उडालं, आणि या वेळी माझ्या गालाला लागून गेलं.

तो उठला आणि मीठपाण्याच्या पातेल्यापाशी जाऊन हात बुडवून बसला. बराच वेळ. पाणी गार झालं तरी बसला.

"तू कर," तो शेवटी म्हणाला. "मी सांगतो. हात कुणाचे का असेना, डोकं माझं."

"नेहमी उलटं असायचं," मी म्हटलं. तो हसला नाही. हल्ली त्याचा चेहरा हसायला उशीर लावायचा. विनोद होऊन गेल्यावर, कधीतरी, कोपऱ्यात हलायचा.

मी बेअरिंगं काढली. नवी आणली होती, तेलकट कागदात गुंडाळलेली, लग्नातल्या अंगठीसारखी चकचकीत. नवं बेअरिंग शाफ्टवर घट्ट जातं, इतकं की हातोडीने ठोकलं तर आतल्या गोळ्या दुखावतात आणि बेअरिंग बसायच्या आधीच म्हातारं होतं. तेर्यो पाइपाचा तुकडा लावून हळूहळू ठोकायचा. त्याला हात हवा, आणि तोच नव्हता. मला चित्रांच्या पुस्तकातलं एक पान आठवलं. एका बाजूला भांडं, खाली ज्योत, भांड्यात बेअरिंग. दुसऱ्या बाजूला बर्फाचे चौकोन. गरम केलं की धातू फुगतो, गार केलं की आकसतो. वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

शेजारच्या दुकानातून बर्फाच्या पिशव्या आणल्या, शाफ्ट त्यांत गुंडाळून ठेवला. जुन्या कढईत तेल तापवून त्यात बेअरिंग सोडलं.

तेर्यो ओरडलाच. "वेडी झालीस का? एका हाताने बर्फ आणि एका हाताने चूल? सेंडा, मरशील! शिरा आखडतील तुझ्या!"

"मग पोन्सोला बोलावू? त्याच्या शिरांत लांबानोग आहे, गोठायची नाही."

"मी चेष्टा करत नाहीये. पास्मा होईल. आत्ता नाही, उद्या सकाळी कळेल."

मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण बेअरिंग तापत होतं, बर्फ वितळत होता, आणि दोन्ही एकदम व्हायला हवं होतं. मी बर्फातून शाफ्ट काढला, बोटं बधिर, फडक्याने पुसला, तेलातून बेअरिंग उचललं, फडकं असूनही बोटं भाजली, आणि लावलं. ते आपसूक खाली घसरलं. टक् असा एवढासा आवाज, आणि जागेवर. तेर्योने वाकून पाहिलं.

"बसलं," तो म्हणाला, कौतुकाने, आणि लगेच, "हात धुऊ नकोस. निदान आता तरी धुऊ नकोस."

मी धुतले. एवढ्या तेलाने भात कसा वाढू?

सगळी बेअरिंगं मी त्या दिवशी तशीच बसवली. बर्फ, चूल, बर्फ, चूल. संध्याकाळी मी नव्या फडक्याने गिअरबॉक्सचा डबा पुसला, झाकण बंद केलं आणि पुन्हा हात धुतले, भरपूर, रांजणातल्या गार पाण्याने.

सकाळी मी उठले तर तेर्यो आधीच टेबलाशी बसलेला. समोर दोन रिकामे पेले. मी कॉफी ओतायला घेतली. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, किटलीकडेही नाही. माझ्या मनगटाकडे बघत होता.

धार सरळ पडली. पहिला पेला काठापर्यंत. दुसरा काठापर्यंत. एक थेंब बाहेर नाही.

मला तेव्हा कळलं की तो कशाची वाट पाहत बसला होता. बायकोचा हात थरथरावा म्हणून. एवढंसं तरी. थरथरला असता तर त्याचाही पास्माच ठरला असता, आणि आम्ही दोघांनी मिळून मीठपाण्यात हात बुडवले असते, आयुष्यभर. माझे हात इतके स्थिर होते की मला त्यांची लाज वाटली.

"बसलीत बेअरिंगं नीट," तो म्हणाला.

"बसलीत."

"शाळा उघडायच्या आत चढवू वर."

तेव्हा मला माझे सासरे आठवले. ते सुतार होते. त्यांचाही हात असाच सुरू झाला, मग पाय लहान लहान पडायला लागले, मग चेहरा लाकडाचा झाला, आणि शेवटी घास गिळायला अर्धी दुपार लागायची. शेवटपर्यंत लोक म्हणत होते, रंधा मारून हात धुवायचा म्हातारा, ऐकायचाच नाही. त्यांना भरवायला मीच बसायचे. मग हे मला आताच का आठवावं? मला ते रोज दिसत होतं. मी त्यावर चादर टाकली होती, एवढंच.

आणि दांडा आता गप्प बसणार होता, हात नाही. वरच्या वाड्यांवरून शाळेकडे येणारा रस्ता साप गेल्यासारखा. एका बाजूला डोंगर, एका बाजूला नदी. गाडीत मुलं, माझ्या ओळखीच्या बायकांची. त्यांतल्या काहींच्या आयाही लहानपणी तेर्योच्याच गाडीतून गेलेल्या.

त्याला डॉक्टरचं म्हटलं तर तो म्हणाला, "पास्म्याला डॉक्टर काय करणार?" म्हणून मी मुलांच्या आयांकडे गेले. मला वाटलं, त्या घाबरतील. एकीनेही मूल काढून घेतलं तर तेर्यो स्वतःच थांबेल. मला काही बोलावं लागणार नाही.

रोवेनाकडे आधी गेले. ती मला आते म्हणते, म्हणजे ताई. तिची लेक चेचे गाडीतली सर्वांत लहान.

"रोवेना," मी म्हटलं, "कुया तेर्योचा हात बरा नाही. गाडी चालवताना थरथरतो. मला भीती वाटते."

"अगंबाई, पास्मा ना? आते सेंडा, माझ्या नवऱ्याला झाला होता, वेल्डिंग करून. तांदळाच्या धुवणात हात ठेवायला सांगा."

"पास्मा नाहीये."

"सगळ्यांना असंच वाटतं सुरुवातीला." तिने फडताळातून तेलाची बाटली काढली. "हे न्या. आणि काळजी करू नका. मी स्वतः त्यांच्या गाडीतून गेलेय. डोळे मिटून चालवतात ते."

दुसऱ्या घरी आल्याचा काढा मिळाला. तिसऱ्या घरी मालिशवाल्याचा पत्ता. एका आजीबाईंनी मलाच झापलं, की बायको नवऱ्याला हात धुवू देते, मग गावभर रडत फिरते. कुणीही मूल काढून घेतलं नाही. मी घरी आले तेव्हा माझ्या पिशवीत एवढी तेलं होती की दुकान घातलं असतं.

तेर्योने पिशवी पाहिली. "कुठे गेली होतीस?"

"भीक मागायला," मी म्हटलं.

त्याने बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या, ओळीत मांडल्या, आणि कोणती कोणाकडची ते न विचारता ओळखलं. मग म्हणाला, "सांगितलंस?"

"सांगितलं. कुणी ऐकलं नाही."

"चांगली माणसं आहेत," तो म्हणाला, आणि उठून गेला.

पोन्सो गिअरबॉक्स चढवायला आला त्या दिवशी मी टेबलापाशी उभी राहिले आणि डब्यावर हात ठेवला.

"हा वर जाणार नाही," मी म्हटलं.

"का? झाला नाही का तयार?" पोन्सोने विचारलं.

"तयार आहे. वर जाणार नाही. कोंपादरे, तू पेला अर्धा का भरतोस, सांग बघू त्याला."

पोन्सोने पायांकडे पाहिलं. "मारामारीत मला नका घेऊ. माझं काम झाडावरचं."

"सेंडा," तेर्यो हळू म्हणाला, "माणसांसमोर नको."

"माणसं आहेत म्हणूनच. एकटीने मला जमत नाही."

मग त्याने मला बाजूला सारलं. धक्का मारला असं म्हणणार नाही, सारलं. पोन्सो मध्ये आला नाही, पण डब्यालाही हात लावला नाही; तो सांतोलच्या बुंध्याला टेकून खाली बसला. तेर्योने डबा एकट्याने टेबलावरून मांडीवर, मांडीवरून टायरवर, टायरवरून जॅकवर घेतला. आवाज न करता. मग गाडीखाली गेला.

गिअरबॉक्स काढणं म्हणजे भांडण. बसवणं म्हणजे मनधरणी. पुढचं शाफ्टचं टोक क्लच प्लेटच्या दात्यांतून सरळ आत जावं लागतं. केसाएवढं वाकडं असलं तरी जात नाही. एका हाताने पेलायचं, दुसऱ्याने किंचित फिरवायचं, ढकलायचं, थांबायचं. मी गाडीपाशी जमिनीवर बसले. टक्. टक्. टोक कडेला आपटत होतं. थांबायचा. पुन्हा टक्. त्याचा श्वास ऐकू यायचा. ऊन झाडाच्या सावलीतून सरकून माझ्या पाठीवर आलं, तरी आत टक् टकच.

मग जॅक कलंडला. मोठा आवाज झाला नाही. फक्त टकटक थांबली.

मी आत गेले, पोन्सो दुसऱ्या बाजूने. डबा तेर्योच्या छातीवर होता. त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला होता, आणि दोन्ही हात थरथरत होते.

"लागलं?"

"नाही. श्वास घेऊ देत नाही फक्त."

मी गुडघे वर करून डब्याखाली लावले. पोन्सोने पलीकडून भार घेतला. थोडी हवा तेर्योच्या छातीत गेली. तो वर इंजिनाच्या पोटाकडे बघत होता.

"बापालाही पास्माच म्हणत होते," तो म्हणाला.

"हो."

"त्याला शेवटी कोण भरवायचं?"

"मी."

"तेव्हा तू मला सांगायचीस, आज किती वेळ लागला." तो थांबला. "मी ऐकायचो आणि गाडीखाली जाऊन झोपायचो."

पोन्सो पलीकडे रडत होता. ज्याला दोन घरं उंचीवर बांबूवरून चालता येतं, त्याला रडताना आवाज दाबता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"काढा हा वरून," तेर्यो म्हणाला. "काढा. पुन्हा नाही लावायचा."

आम्ही डबा ओढून बाहेर काढला. तो स्वतः मात्र लगेच बाहेर आला नाही. मी पाणी नेऊन दिलं, ते त्याने पडल्या पडल्या, कोपरावर रेलून प्यायलं. अर्धं मानेवर सांडलं. ऊन उतरल्यावर तो सरपटत निघाला आणि न्हाणीत गेला. मला पाण्याचा आवाज आला. तो हात धूत होता, साबण लावून, कोपरापर्यंत.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट मागितला. आम्ही दोघं खालच्या वाटेने अर्निलकडे गेलो. मी छत्री धरली होती. अर्निलकडेही आमच्यासारखीच व्हॅन, तोही मुलांना शाळेत सोडायचा, आणि रोज सकाळी पुलावर हे दोघं एकमेकांना पुढे जाऊ द्यायचे नाहीत. वाट थोडीच होती, पण पोचायला वेळ लागला. त्याची पावलं लहान पडत होती, आणि मी माझीही लहान केली.

अर्निल दारात बनियनवर उभा. त्याला वाटलं, भांडायला आलेत.

"माझी मुलं तू घे," तेर्यो म्हणाला.

अर्निलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"चेचेला खिडकी दे. दुसऱ्या पुलानंतर तिला मळमळतं. शेवटच्या घरचा तो जाडा, त्याला पुढे बसव. मागे बसला की भांडणं लावतो. जुळ्या मुलींना वेगळं बसवलंस तर रडतात, एकत्र बसवलंस तर मारामारी करतात, एकत्रच बसव. रोवेना उशीर करेल. थांब तिच्यासाठी. हॉर्न मारू नको, तिची सासू आजारी आहे."

"थांब, थांब," अर्निल म्हणाला, "लिहून घेतो."

"लिहू नको. पुन्हा सांगतो." आणि त्याने पुन्हा सांगितलं, प्रत्येक मूल, सावकाश. जीभ आता थोडी जड पडायची त्याची. शेवटी अर्निलने नुसतं विचारलं, "आणि पुलावर?"

"पुलावर तू पुढे जा," तेर्यो म्हणाला. "आता कोण अडवतंय?"

अर्निलने आम्हाला बसायला खुर्च्या आणल्या. कॉफी नको म्हटलं तरी बायकोला ठेवायला सांगितली. अर्निल आपल्या व्हॅनकडे बघत होता, मान खाजवत होता, आणि विचारू की नको असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"कुया," तो अखेर म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. पण माझाही गिअरबॉक्स न्यूट्रलला आवाज करतो. तुमच्यात नवी बेअरिंगं घातलीत म्हणे. गाडी जर उभीच राहणार असेल..."

तेर्योचा हात मांडीवर होता, उघडा, सगळ्यांना दिसेल असा, आणि साल काढत होता. त्याने तो लपवला नाही.

"तिने घातलीत," तो म्हणाला. "तिला विचार."

अर्निल माझ्याकडे वळला. मी छत्री मिटली.

"उद्या मुलांना सोडून आलास की गाडी आमच्या झाडाखाली आण," मी म्हटलं. "येताना बर्फ घेऊन ये."

"बर्फ कशाला? तुमच्या डब्यात बेअरिंगं तर बसवलेलीच आहेत ना?"

"तुझा जुना डबा निघेल, त्यातलीही बदलते, त्याला बर्फ. एखादं वाचलं तर वाचलं."

आतून अर्निलची बायको कॉफी घेऊन आली. तिने पेला तेर्योपुढे धरला, काठापर्यंत भरलेला. मी तो मध्येच घेतला, अर्धा माझ्या बशीत ओतला, आणि उरलेला त्याच्या डाव्या हातात दिला.